बोट रद्द का होते? ग्रीक बेटांवरच्या फेऱ्यांची आणि खोल्यांची गोष्ट

आजचा भाग ऐकून झाल्यावर बऱ्याच जणांना वाचायलाही हवा असतो, म्हणून हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना काही तारखा घाईघाईत गेल्या, त्या इथे नीट दिल्या आहेत.

तर सुरुवात माझ्या एका फजितीपासून करते.

जुलै महिना. पारोस नावाचं ग्रीक बेट. मी आणि माझी मैत्रीण पारिकिया बंदरावर सकाळी सातला बॅगा घेऊन उभ्या. संध्याकाळी अथेन्सहून मुंबईचं विमान. आकाश असं निळं की फोटोला फिल्टर लावायची गरज नाही. पावसाचा थेंब नाही. आणि तिकीट खिडकीवरची बाई शांतपणे सांगते, "आज बोट नाही."

मी म्हटलं, "का?"

ती म्हणाली, "वारा."

मी चिडले. अगदी खरं सांगायचं तर वाईट बोलले. इतकं लख्ख ऊन पडलंय, लोक समुद्रात पोहताहेत, आणि एवढी मोठी सात मजली बोट वाऱ्याला घाबरते? पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिस्टम बंद पडली तर कारण पाहिजे, आणि "वारा" हे मला कारण वाटलंच नाही. विमान गेलं. नवीन तिकिटाचे पैसे गेले. आम्ही तोंड पाडून बॅगा ओढत पुन्हा त्याच खोलीवर गेलो, जिथून तासाभरापूर्वी निघालो होतो.

घरमालकीण काकूंनी काही विचारलं नाही. आमच्या बॅगा बघूनच त्यांना कळलं. कॉफी दिली, गच्चीवर बसवलं. मी मोबाइलवर भाषांतराचं ॲप लावून तक्रार करत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग समुद्राकडे बोट दाखवलं. बंदराच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेले दोन खडक दिसत होते. त्या म्हणाल्या, "पोर्तेस." मग म्हणाल्या, "सामिना." आणि मग ॲपमध्ये हळू आवाजात एक वाक्य बोलल्या, ते स्क्रीनवर आलं: माझे यजमान त्या रात्री होडी घेऊन गेले होते.

त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. रात्री खोलीत वाचायला बसले आणि पुढचे कित्येक आठवडे वाचतच राहिले. ग्रीक बेटांची ट्रिप स्वतः प्लॅन करताना जे जे प्रश्न पडतात, म्हणजे बोटी अशा का, वेळापत्रक एवढं उशिरा का, खोल्या काकूंच्याच का, या सगळ्यांची उत्तरं इतिहासात आहेत. आज तोच इतिहास.

सगळ्या बोटी पिरेअसलाच का जातात?

नकाशा उघडा. ग्रीसमध्ये बेटं आणि खडक मिळून हजारोंच्या संख्येत आहेत, पण माणसं राहतात ती सव्वादोनशेच्या आसपास बेटांवर. तुम्हाला वाटेल, या बेटावरून त्या बेटावर सहज जाता येत असेल. काही ठिकाणी येतं. पण दोन बेटं जरा वेगवेगळ्या गटांतली असली की आधी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात परत यायचं आणि मग पुन्हा निघायचं. दादरला उतरून लाइन बदलावी तसं.

हे कायम असं नव्हतं. १८२०च्या दशकात ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात हिओस, प्सारा अशा बेटांवरून जीव वाचवून पळालेले लोक सिरोस बेटावर येऊन राहिले. त्यांनी एर्मूपोली नावाचं शहर वसवलं. व्यापाराचा देव एर्मीस, त्याच्या नावाचं शहर. निर्वासितांनी उभं केलेलं हे गाव बघता बघता नव्या ग्रीसचं सगळ्यात मोठं बंदर झालं. १८५०च्या दशकात देशाची वाफेच्या बोटींची कंपनी तिथेच सुरू झाली, १८६१ मध्ये नेओरिओन ही जहाजं बांधण्याची गोदी उभी राहिली. तेव्हा एजिअन समुद्राचं जंक्शन होतं सिरोस.

पण १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला आली होती. तेव्हाचं पिरेअस म्हणजे जवळपास ओसाड किनारा. राजधानी वाढली, १८६९ मध्ये अथेन्स ते पिरेअस रेल्वे झाली, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा उघडला. हळूहळू जहाजं, पैसा, माणसं सगळं पिरेअसकडे सरकलं. आपण आज ॲपमध्ये जे फेरीचं जाळं बघतो, त्याचा आकार तेव्हा ठरला. सगळे धागे एका गाठीत. गाठ अडली की सगळं अडतं. माझ्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, पण हे डिझाइन कुणी एकाने केलेलं नव्हतं, ते होत गेलं.

८ डिसेंबर १९६६

आता वाऱ्याकडे येऊ.

आधी मोठ्या बोटी बऱ्याच बेटांवर धक्क्याला लागतच नसत. खोल पाण्यात नांगर टाकायच्या आणि लहान होड्या माणसं, बोचकी, बकऱ्या उतरवून आणायच्या. कोकणात आजी-आजोबांनी बोटीचा प्रवास केला असेल तर त्यांना विचारा, हेच वर्णन ऐकायला मिळेल. १९६०च्या दशकात मात्र नवा प्रकार आला. बोटीच्या पोटाचा दरवाजा उघडायचा आणि ट्रक, गाड्या थेट आत घ्यायच्या. बेटांसाठी ही क्रांतीच होती. क्रीटची संत्री सकाळी अथेन्सच्या बाजारात पोचायला लागली.

अडचण अशी की नव्या बोटी महाग होत्या. म्हणून मालक जुनी जहाजं विकत घ्यायचे आणि त्यांना दरवाजे कापून बसवायचे. 'इराक्लिओन' नावाची बोट अशीच. १९४९ मध्ये ती 'लेस्टरशर' या नावाने ब्रिटन ते ब्रह्मदेश या मार्गासाठी बांधली होती. १९६४ मध्ये ती तिपाल्दोस कंपनीने घेतली आणि गाड्यांची फेरी बनवली.

७ डिसेंबर १९६६ च्या रात्री ती क्रीटच्या सूदा बंदरातून पिरेअसला निघाली. समुद्र खवळलेला होता. आत एक रेफ्रिजरेटेड ट्रक होता, तो नीट बांधलेला नव्हता. मध्यरात्रीनंतर फाल्कोनेरा या निर्जन बेटाजवळ ट्रक सुटला, बोट डोलेल तसा इकडून तिकडे आपटत राहिला आणि शेवटी बाजूच्या दरवाजावर आदळून त्याने तो फोडला. पाणी आत शिरलं. थोड्याच वेळात बोट बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली, वाचली पन्नासपेक्षाही कमी.

चौकशीत जे बाहेर आलं ते ऐकून आजही राग येतो. कंपनीचा निष्काळजीपणा, बनावट कागदपत्रं, सुरक्षेची कवायत झालेलीच नाही. मालक आणि व्यवस्थापक तुरुंगात गेले, कंपनी संपली.

मराठी माणसाला इथे 'रामदास' आठवल्याशिवाय राहत नाही. १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला निघालेली बोट, गटारी अमावास्या, भर पावसाळा. सहाशेच्या वर माणसं बुडाली. तिथेही किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमेल तेवढी माणसं वाचवली. आज पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या नेहमीच्या लाँच बंद असतात तेव्हा आपण कुरकुरतो, पण त्या बंदीमागची भीती पोकळ नाही.

पुन्हा क्रीटकडे. या दुर्घटनेनंतर क्रीटच्या हानिया भागातल्या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी ठरवलं, आता आपण दुसऱ्याच्या भंगार बोटीत जीव घालायचा नाही, स्वतःची बोट घ्यायची. बिशप इरिनेओस यांनी पुढाकार घेतला. शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशा हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे घालून शेअर घेतले आणि १९६७ मध्ये 'आनेक' ही कंपनी उभी राहिली. १९७० मध्ये तिची पहिली बोट धावायला लागली. १९७२ मध्ये क्रीटच्याच इराक्लिओन शहरात 'मिनोअन लाइन्स' याच पद्धतीने सुरू झाली, लेस्बोस बेटानेही आपली कंपनी काढली. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना निघतो ना, तशी ही सहकारी वृत्तीची बोट. फरक एवढाच, की यामागे दोनशे घरांतलं दुःख होतं.

आणि मग सामिना

काकूंनी ज्याचं नाव घेतलं ती 'एक्सप्रेस सामिना' १९६६ मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली होती. म्हणजे ज्या वर्षी इराक्लिओन बुडाली, त्याच वर्षी ही बनली. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ती चौतीस वर्षांची म्हातारी बोट पाचशेहून जास्त माणसं घेऊन पिरेअसहून पारोसला येत होती. रात्रीची वेळ, जोराचा वारा, आणि ती पोर्तेसच्या खडकांवर गेली. त्या खडकांवर दिवा आहे. नकाशावर ते सगळ्यांना माहीत आहेत. बोट स्वयंचलित यंत्रणेवर सोडलेली होती, आणि पाणी अडवणारे आतले दरवाजे, जे बंद असायला हवेत, ते उघडे होते. ऐंशीहून जास्त माणसं गेली.

पारोसचे कोळी आपापल्या होड्या घेऊन त्या अंधारात, त्या लाटांत बाहेर पडले. जवळ सरावासाठी आलेली ब्रिटिश नौदलाची जहाजंही मदतीला धावली. बचावकार्य चालू असतानाच पारोसच्या बंदर अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. बोटीचा कप्तान आणि पहिला अधिकारी यांना पुढे शिक्षा झाली.

काकूंचे यजमान त्या रात्री गेले आणि परत आले. त्यांनी तिथे काय बघितलं हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

यानंतर ग्रीसने जुन्या बोटींबद्दलचे नियम कडक केले. २००२ मध्ये देशांतर्गत मार्ग स्पर्धेला खुले झाले. पण मग एक नवा प्रश्न आला. जिथे फायदा आहे तिथे, म्हणजे मिकोनोस, पारोस, सांतोरिनीला, सगळ्यांनाच जायचंय. जिथे हिवाळ्यात शंभर माणसंही राहत नाहीत, तिथे कोण बोट नेणार? म्हणून सरकार काही मार्गांना पैसे देतं. ग्रीक लोक त्यांना 'आगोनेस ग्रामेस' म्हणतात, म्हणजे 'नापीक मार्ग'. शब्द बघा, समुद्रालाही शेतीचाच शब्द. नाक्सोसहून इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसिया, दोनूसा करत अमोर्गोसला जाणारी 'स्कोपेलितिस' नावाची छोटी बोट आहे ना, ती या लहान बेटांसाठी एसटीच आहे. तिच्यात टुरिस्ट असतात, पण औषधं, भाजी आणि दवाखान्यातून परत निघालेल्या आज्याही असतात.

आता वाऱ्याचा हिशोब. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजिअनवर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा वाहतो. तो कोरडा असतो. ढग नाहीत, पाऊस नाही, ऊन लख्ख, आणि वारा तासाला साठ-सत्तर किलोमीटर. म्हणूनच मला तो दिसला नाही! वारा साधारण ८ बोफोर्टच्या घरात गेला की तटरक्षक दल मोठ्या बोटी थांबवतं, आणि वेगवान कॅटामरान त्याच्याही आधी थांबतात. या बंदीला 'आपागोरेफ्तिको' म्हणतात. कप्तानाला वाटलं म्हणून निघाला, मालक ओरडला म्हणून निघाला, हे आता चालत नाही. निर्णय कंपनीच्या हातात ठेवलेलाच नाही. मला रद्द झालेली बोट म्हणजे बिघडलेली सिस्टम वाटली होती. खरं तर ती सिस्टम नीट चालत होती.

काकूंचीच खोली का?

आता राहण्याकडे येऊ, कारण हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट आहे.

ग्रीक बेटांवर खोली शोधताना एक गोष्ट लक्षात येते. फोन उचलते ती बाई. किल्ली देते ती बाई. व्यवहार बाईशीच. याचं कारण मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं: हे घर त्यांच्या आईचं, आणि आईला तिच्या आईकडून मिळालेलं.

एजिअनच्या अनेक बेटांवर जुनी रीत अशी की लग्नात मुलीला घर द्यायचं. हुंड्याला ग्रीकमध्ये 'प्रीका' म्हणतात. पण इथे घर मुलीच्या नावावर, आणि नवरा तिच्याकडे राहायला. पुरुष समुद्रावर, महिनोन्‌महिने बाहेर. घर बाईचं. म्हणून १९६०-७० च्या दशकांत पाठीवर पिशवी लटकवून युरोपभरातून पोरं यायला लागली, तेव्हा खोली द्यायचा निर्णय घेणारी, चादरी धुणारी आणि पैसे हातात घेणारी बाईच होती. या खोल्या म्हणजे 'दोमातिया'. तेव्हा आधी बुकिंग नव्हतं. बोट लागली की धक्क्यावर काकू पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभ्या. भाव तिथेच ठरायचा.

हुंड्याची गोष्ट गोड करून सांगायची नाहीये मला. घर देण्यासाठी बाप आणि भाऊ आयुष्यभर राबायचे, मुलगी झाली की काळजी सुरू व्हायची. हे आपल्याला समजावून सांगायला नको. १९८३ मध्ये ग्रीसने कायद्याने हुंडा रद्द केला. आणि गंमत म्हणजे त्याच १९८३ मध्ये लेस्बोस बेटावरच्या पेत्रा गावात बायकांनी एकत्र येऊन आपली सहकारी संस्था काढली. घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, स्वयंपाकाचं हॉटेल चालवायचं, हिशोब स्वतः ठेवायचा. ग्रीसमधली अशा प्रकारची ही पहिली संस्था. ज्या खोलीच्या मागे आधी लग्नाची चिंता होती, तीच खोली आता कमाईची झाली.

दुसरी गोष्ट सांतोरिनीची. इया गावातली ती पांढरी, डोंगरात कोरलेली घरं, ज्यांच्यासमोर लग्नाचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात. ९ जुलै १९५६ ला पहाटे तिथे प्रचंड भूकंप झाला. पन्नासहून जास्त माणसं गेली, घरं पडली, आणि खूप लोक बेट सोडून अथेन्सला गेले. इया ओसाड पडलं. १९७५ पासून ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने जुनी गावं वाचवायची योजना आणली. मालकांनी पडकी घरं काही वर्षांसाठी संस्थेकडे द्यायची, संस्था ती दुरुस्त करून पाहुण्यांसाठी वापरणार. आज ज्याला आपण लक्झरी म्हणतो, ती गरीब माणसाने ज्वालामुखीच्या राखेत खोदलेली गुहा होती, आणि मधली वीस वर्षं ती रिकामी पडली होती.

आज काय?

आता पाट्या घेतलेल्या काकू कमी झाल्या. खोल्या ॲपवर गेल्या. ॲपवर खोली टाकणारा माणूस आता गावातलाच असेल असं नाही. उन्हाळ्याचं भाडं इतकं मिळतं की हिवाळ्यात बेटावर बदली होऊन आलेल्या शिक्षकाला, डॉक्टरला राहायला घर मिळत नाही. काकूंची भाची पारोसवरच शाळेत शिकवते आणि काकूंच्याच मागच्या खोलीत राहते. "नाहीतर कुठे राहील?" असं त्या म्हणाल्या.

बोटींचंही तसंच. लोकांनी पै-पै जमवून काढलेली आनेक कंपनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये अतिका या मोठ्या समूहात विलीन झाली. मिनोअन लाइन्स त्याआधीच इटलीच्या ग्रिमाल्दीकडे गेली होती. हे चूक की बरोबर, मी सांगणार नाही. नव्या बोटींना लागणारा पैसा शेतकऱ्यांच्या शेअरमधून उभा राहणं कठीणच. पण हानियाच्या एखाद्या आजोबांच्या कपाटात अजून तो जुना शेअरचा कागद असेल, आणि तो त्यांनी नुसता फायद्यासाठी घेतला नव्हता.

आणि फेरी म्हणजे फक्त सुट्टी नाही, हे २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा दिसलं. सांतोरिनीजवळ भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा ११ हजारांहून जास्त लोक काही दिवसांत बेट सोडून गेले. जादा बोटी लावल्या. ज्या धक्क्यावर आपण सेल्फी काढतो, तिथे लोक मुलांना आणि मांजरांना घेऊन रांगेत उभे होते.

मग प्लॅन कसा करायचा?

तुम्ही विचाराल म्हणून माझा हिशोब सांगते.

पहिलं, एका ट्रिपमध्ये एकच गट घ्या. पिरेअस, पारोस, नाक्सोस, सांतोरिनी ही एकाच ओळीतली बेटं आहेत. त्यात मध्येच क्रीटपलीकडचं किंवा पश्चिमेचं बेट घुसडू नका. सगळे धागे पिरेअसला जातात, हे आता तुम्हाला माहीत आहे. काही बोटी राफिना आणि लाव्रिओ या बंदरांतूनही सुटतात, आणि विमानतळावरून राफिना जवळ पडतं. तिकिटावर बंदराचं नाव नीट वाचा.

दुसरं, व्हिसा आणि बोट यांचं गणित जुळत नाही. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचे कागद आधी लागतात, आणि उन्हाळ्याचं फेरी वेळापत्रक बऱ्याचदा उशिरा येतं. म्हणून आधी रद्द करता येणाऱ्या खोल्या घ्या, बेटांचा क्रम ठरवा, तारखेत एखादा दिवस मोकळा ठेवा, आणि बोटी नंतर.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्समध्ये असा. जुलै-ऑगस्टमध्ये तर दोन दिवस आधी. बंदी आल्यामुळे बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. विमानाचे मिळत नाहीत. हे मी स्वखर्चाने शिकले आहे.

चौथं, जमलं तर खोली अशा घरात घ्या जिथे मालक तिथेच राहतात. बोट रद्द झाल्यावर ॲप कॉफी देत नाही.

आमची बोट शेवटी दीड दिवसाने आली. निघताना मी तिकीट खिडकीवरच्या त्या बाईला सॉरी म्हटलं. तिला बहुतेक मी आठवतही नव्हते. तिच्यासमोर रोज माझ्यासारख्या दहा जणी ओरडत असणार. काकू मात्र धक्क्यापर्यंत आल्या. "कोरित्सी मू," म्हणाल्या, म्हणजे "माझ्या पोरी". बोट बंदरातून बाहेर पडली तेव्हा मी डेकवर होते. वारा पडला होता, पाणी सपाट. पोर्तेसचे खडक अगदी जवळून गेले. आजूबाजूचे सगळे मागे गावाचे फोटो काढत होते.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कोकणच्या बोटीने प्रवास केलेलं कुणी असेल, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि जमलं तर मला पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.